पांढऱ्या कड्याखालचा किनारा

पाटीवर काय लिहिलंय, असं आईंनी मला विचारलं आणि मी म्हणाले, "जपून चाला, असं लिहिलंय."

ते खोटं होतं. पिवळ्या पाटीवर ठळक अक्षरांत 'लेबन्सगेफार' असं लिहिलं होतं, म्हणजे जिवाला धोका. त्याखाली बारीक अक्षरांत, हिवाळ्यानंतर आणि पावसानंतर कडा ढासळतो, इथून किनाऱ्यावर उतरू नये, असं सगळं व्यवस्थित दिलेलं होतं. मी ते शेवटपर्यंत वाचलं होतं. पण जर्मनीत सहा वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं होतं की हे लोक बागेतल्या घसरगुंडीलासुद्धा धोक्याची पाटी लावतात.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं सिस्टर म्हणून काम करून निवृत्त झाल्या होत्या. सासरे गेल्यापासून एकट्याच राहायच्या. ऊन तापायच्या आत त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला त्या आमच्याकडे जर्मनीत येनाला आल्या. मी तिथल्या एका संस्थेत भिंगांवर संशोधन करत होते. नवरा दूर एश्बॉर्नला कन्सल्टंट, सोमवारी पहाटे जायचा तो शुक्रवारी उगवायचा. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तिघं ग्रीसच्या एका बेटावर जाणार होतो. तिथे डोंगरावरून दीड तास पायी उतरलं की एक किनारा लागतो, जिथे रस्ता जात नाही, हॉटेल नाही, छत्र्या नाहीत. त्याचे फोटो मी आईंना दाखवले होते. ऐन वेळी नवऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये काहीतरी निघालं आणि सगळं रद्द झालं. दोन दिवसांनी आई पालक निवडता निवडता म्हणाल्या, "मला समुद्र बघायचा होता गं. म्हणजे बघितलाय. दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला जायचो ना आम्ही. पण नेहमी माणसांच्या पाठींमधून बघितला. एकदा असा बघायचा होता, मध्ये कोणीच नसताना."

हे ऐकल्यावर मला चैन पडेना. ग्रीस नाही तर नाही, जर्मनीला उत्तरेकडे समुद्र आहे. मी ऱ्युगेन बेटावर एका बाईंच्या घरी तीन दिवसांसाठी खोली ठरवली आणि आम्ही दोघी ट्रेनने निघालो.

त्या बेटाच्या एका बाजूला खडूचे उंच, पांढरे कडे आहेत. वर दाट जंगल आणि खाली समुद्र. किनाऱ्यावर उतरायला सरकारने लाकडी जिना बांधलेला आहे, आणि घरमालकीणबाईंनी नकाशावर बोट ठेवून आम्हाला तोच दाखवला. "इथूनच उतरा. गेनाऊ, अगदी इथूनच," त्या दोनदा म्हणाल्या. पण ईस्टरमध्ये त्या जिन्याखाली अर्धं जर्मनी लोटलेलं असणार, हे मला माहीत होतं. मी इंटरनेटवर कुणाचं तरी वर्णन वाचलं होतं. जिन्याच्या दोन किलोमीटर अलीकडे एका ओढ्याच्या घळीतून खाली जाता येतं, कुणीतरी तिथे दोरही बांधून ठेवलाय, आणि खालचा किनारा अगदी मोकळा असतो. मला आईंना तो किनारा दाखवायचा होता. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून शाबासकीही हवी होती.

पाटी त्या घळीच्या तोंडाशी होती.

आईंनी पंजाबी ड्रेस, माझं जाड जाकीट आणि येनाला घेतलेले नवे बूट घातले होते. दोर धरून त्या माझ्यापेक्षा सफाईने उतरल्या. ओढ्याचं पाणी दुधासारखं पांढुरकं होतं आणि दगड बुळबुळीत. दोनदा त्यांनी मलाच सावरलं. वीसेक मिनिटांत आम्ही खाली पोचलो.

किनारा खरोखर मोकळा होता. वाळू नव्हती, सगळे काळे-करडे गोटे. काठाजवळचं पाणी खडू विरघळून हिरवट-पांढरं झालेलं आणि त्यापलीकडे एकदम निळं. वरून कोसळलेली मोठमोठी झाडं मुळांसकट आडवी पडली होती, त्यांच्या फांद्या पाण्यात. एकही माणूस नाही. आई गोट्यांवरून चालत पाण्यापर्यंत गेल्या आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मी हाक मारली नाही. बराच वेळ त्या तशाच होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, याला आवाज किती आहे! मला वाटायचं तो आवाज गर्दीचा असतो."

आम्ही एका आडव्या खोडावर बसून पोळी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. तेवढ्यात वारा सुटला. या समुद्राला आपल्यासारखी भरती-ओहोटी नसते, म्हणून मी निर्धास्त होते. वारा समुद्राकडून सुटला तर तो पाणी लोटत काठावर आणतो, हे मला माहीत नव्हतं.

परत निघालो तेव्हा आईंनी माझा हात धरला होता. गोट्यांवर पाय मुरगळू नये म्हणून. घळीपासून आम्ही दोनशे पावलांवर असू. वरून खडखड असा बारीक आवाज आला, खिशातून नाणी सांडावीत तसा. मी वर पाहिलं. कड्याच्या मधोमध एक काळी रेघ होती आणि तिच्यातून पांढरी भुकटी गळत होती. मग ती रेघ रुंद झाली.

मी हात सोडला आणि पळाले.

हे मी आजवर दोघांनाच सांगितलंय, तरी इथे लिहिते. मी विचार केला नाही, आईंना हाक मारली नाही, त्यांना ओढलंही नाही. माझ्या बोटांनी त्यांची बोटं सोडवली, हे मला स्पष्ट आठवतं, कारण त्यांनी घट्ट धरली होती. मी पाण्याच्या दिशेने पळाले आणि गुडघाभर पाण्यात जाऊन थांबले. पाठीमागे ट्रकमधून खडी ओतावी तसा आवाज झाला. सगळीकडे पांढरी धूळ. मला काहीच दिसेना.

"आई!" मी ओरडले. "अहो आई!"

उत्तर नाही. ते किती वेळ होतं, मला सांगता येणार नाही. माझ्या तोंडात खडूची चव होती आणि मी तिथेच उभी होते. पुढे जायला पाय उचलेना. समोर काय दिसेल याची भीती मला कड्यापेक्षा जास्त वाटत होती.

मग धुळीतून खोकल्याचा आवाज आला. आई एका आडव्या झाडाच्या मुळांपाशी उकिडव्या बसल्या होत्या, दोन्ही हात डोक्यावर. केस, भुवया, जाकीट, सगळं पांढरं. मी धावत जाऊन त्यांना चाचपू लागले. त्यांनी माझे हात बाजूला केले आणि आधी माझंच डोकं, मान, खांदे तपासले. दवाखान्यात अपघाताची केस आल्यावर तपासत असतील तसे.

"लागलं नाही कुठे," त्या म्हणाल्या. "चल, निघू इथून."

पण घळीकडची वाट बंद झाली होती. कड्याचा एक तुकडा जिभेसारखा खाली घसरून पार पाण्यापर्यंत आला होता. खडू, माती, अख्खी झाडं. ढिगारा फार उंच नव्हता, छातीएवढा असेल. त्याच्या पलीकडे आमचा दोर मला दिसत होता. फोन काढला. एकशे बारा लावला, लागला नाही. पडद्यावर क्षणभर डेन्मार्कच्या कुठल्यातरी कंपनीचं नाव आलं आणि गेलं. मग काहीच नाही.

"मी बघते पलीकडे जाता येतं का," मी म्हणाले. आई थांब म्हणायच्या आत मी ढिगाऱ्यावर चढले होते. मला फक्त तो दोर हवा होता.

चौथ्या पावलाला उजवा पाय आत गेला. वरून कोरडा दिसणारा खडू आतून ओला होता, दाट खिरीसारखा. पाय काढायला गेले तर डावाही गुडघ्यापर्यंत रुतला. जोर लावला की आणखी खाली. काही क्षणांत उजवा पाय मांडीपर्यंत आत होता, आणि पावलाला तळच लागत नव्हता. वरून पुन्हा बारीक दगड टपटपत होते. एक माझ्या खांद्यावर आपटला.

मी किंचाळले. मराठीत, जर्मनमध्ये, काय काय ओरडले देव जाणे.

"ओरडू नकोस," आई खालून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पाय ओढू नकोस. हलूच नकोस. माझ्याकडे बघ."

"आई, तुम्ही इकडे येऊ नका. वरून पडतंय."

"पडू दे. तू मागे रेल. पाठीवर झोपल्यासारखी. वजन पायांवर ठेवू नकोस."

त्या पोटावर झोपल्या आणि सरपटत माझ्याकडे आल्या. बासष्ट वर्षांच्या, गुडघेदुखीच्या गोळ्या घेणाऱ्या बाई. एक मोडकी फांदी त्यांनी माझ्या पाठीखाली सरकवली आणि चपट्या दगडाने माझ्या मांडीभोवतीचा गाळ उकरायला लागल्या. उकरलं की पुन्हा भरत होतं. त्या पुन्हा उकरत होत्या. मी आकाशाकडे तोंड करून पडले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती काळी रेघ होती. ती रुंद होतेय की माझ्या डोळ्यांतलं पाणी हलतंय, मला कळत नव्हतं.

तेव्हा मी बोलून टाकलं. "आई, पाटीवर जिवाला धोका लिहिलं होतं. मी वाचलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्या उकरतच राहिल्या. "त्यावर चित्र होतं," त्या म्हणाल्या. "माणूस आणि त्याच्या डोक्यावर दगड. मला काय चित्र कळत नाही?"

"मग तुम्ही थांबवलं का नाहीत मला?"

"मला यायचं होतं." थोडा वेळ फक्त दगड खरवडल्याचा आवाज. "बोटं हलव. बुटाच्या आत. हलतायत का? मग बूट जाऊ दे. पाय बुटातून काढ, हळूहळू. बाळाचं टोपरं काढतात तसं."

पाय निघाला. बूट आतच राहिला. डावा पाय त्यानंतर बुटासकट सुटला. आम्ही दोघी सरपटत, लोळत खाली आलो आणि त्यांनी मला दंडाला धरून पाण्याच्या काठापर्यंत नेलं. त्यांनी आपली ओढणी काढली, चार पदरी करून माझ्या उघड्या पावलाभोवती गुंडाळली आणि घोट्यावर अशी गाठ मारली की ती शेवटपर्यंत सुटली नाही.

आता एकच बाजू उरली होती, जिन्याची. दोन किलोमीटर. वरच्या अंगाला कडा, खालच्या अंगाला पाणी, आणि मधला गोट्यांचा पट्टा सकाळच्या निम्माही राहिला नव्हता. आम्ही चालत होतो. मी दर चार पावलांनी वर बघायची. आई एकदाही वर बघत नव्हत्या. त्यांचे ओठ हलत होते, बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हणत असाव्यात.

अर्ध्या वाटेवर कड्याचं एक नाक पुढे आलेलं होतं, आणि तिथे किनारा नव्हताच. पाणी थेट कड्याला लागून फुटत होतं. तीस-चाळीस पावलांचंच अंतर असेल. त्यापलीकडे पुन्हा गोटे दिसत होते, आणि दूरवर लाकडी जिन्याची रेघ. मी पाण्यात शिरून पाहिलं. गुडघ्याच्या वर, लाट आली की कमरेपर्यंत. आणि थंड इतकं की पाय भाजल्यासारखे वाटले.

मागे वळून पाहिलं तर आई तिथेच थांबल्या होत्या.

"मला नाही जमणार," त्या म्हणाल्या.

इतका वेळ मला वाटत होतं की त्या घाबरतच नाहीत. आता त्यांचा चेहरा पाहिला. हनुवटी थडथडत होती, हात जाकिटाच्या कडेला घट्ट. "मला पोहता येत नाही. आमच्या विहिरीत माझी धाकटी बहीण गेली होती. मी पाण्यात पाय घालत नाही. तू जा आणि माणसं घेऊन ये. मी बसते इथे."

बसते म्हणाल्या ती जागा कड्याच्या अगदी खाली होती. पाणी वाढत होतं. मी एकटी गेले असते तर तासाभरात कुणालातरी घेऊन आले असते कदाचित. माझ्या मनात तो विचार आला, हेही लिहायला हवं. पण मघाशी सोडलेली त्यांची बोटं मला अजून जाणवत होती.

"आई, मी तुम्हाला सोडून पळाले मघाशी," मी म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

"आता नाही पळणार. मी पाण्याच्या बाजूने चालते, तुम्ही कड्याच्या. लाट आधी मला लागेल. तुम्ही फक्त कड्याला हात लावून चाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, हे त्या ठरवत होत्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग त्यांनी आपल्या जाकिटाचा कमरेचा पट्टा काढला, त्याचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या. "चल," त्या म्हणाल्या.

त्या चाळीस पावलांना आम्हाला पंधरा मिनिटं लागली असतील. प्रत्येक लाटेला मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि त्या माझ्या पाठीला कपाळ टेकायच्या. "गेली," मी म्हणायची. मग एक पाऊल, दोन पावलं, पुन्हा लाट. एकदा त्यांचा पाय खड्ड्यात गेला आणि त्या छातीपर्यंत पाण्यात गेल्या. त्यांच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही, फक्त पट्टा ताणला गेला आणि माझं मनगट करकचलं. मी दोन्ही हातांनी त्यांना वर ओढलं. त्यांचे डोळे मोठे झाले होते, आणि त्या मला ओळखत नसल्यासारख्या बघत होत्या. "आई, अहो, मी आहे," असं मी बोलतच राहिले, पलीकडचे गोटे पायाखाली येईपर्यंत.

जिन्याच्या तळाशी लोक होते. लहान मुलं दगड वेचत होती, कुणीतरी थर्मासमधून कॉफी ओतत होतं. ते सगळे हातातलं सोडून आमच्याकडे बघायला लागले. अंगभर पांढऱ्या, भिजलेल्या दोन बायका, मनगटं एकमेकींना बांधलेली. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याची साखळी पत्नीच्या हातात देऊन पुढे आले. "तुम्ही तिकडून आलात?" त्यांनी कड्याच्या त्या नाकाच्या दिशेने हात केला. मी मान हलवली. मला जर्मन बोलताच येईना. सहा वर्षांची भाषा कुठे गेली कोण जाणे, नुसतं "या, या", म्हणजे हो, हो, एवढंच म्हणत राहिले. ते रागावून काहीतरी म्हणाले, मग स्वतःचा कोट काढून आईंच्या खांद्यांवर घातला. जिना चढायला आम्हाला खूप वेळ लागला. ते आमच्यामागून एकेक पायरी चढत राहिले. वर त्यांची गाडी होती. तिच्यातून त्यांनी आम्हाला घरापर्यंत सोडलं.

घरमालकीणबाईंनी आंघोळीसाठी गरम पाणी सोडलं आणि सूप आणून ठेवलं. आईंच्या पोटरीवर हातभर लांब खरचटलं होतं, आणि डाव्या खांद्यावर मुठीएवढा निळा डाग. दगड लागला होता. त्या इतका वेळ बोलल्या नव्हत्या. मी तो डाग पाहिला आणि जमिनीवर बसून रडायला लागले. "ते सूप गार होतंय," त्या म्हणाल्या. "आधी खाऊन घे."

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं, हात सोडल्याचंसुद्धा. शेवटी तो म्हणाला, "आईला दे." आईंनी फोन घेतला, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू तिथे असतास तर तूही पळाला असतास. मीही पळालेच ना झाडामागे? ती पळाली म्हणून तर मला कळलं की काहीतरी पडतंय." हे खरं होतं की त्याच्यासाठी बोलल्या, मी त्यांना कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या ट्रेनला तीन तास वेळ होता. आई म्हणाल्या, बंदरावर जाऊन येऊ. तिथे समुद्रात लांबवर गेलेला दगडी धक्का आहे, रुंद, दोन्ही बाजूंना माणसं, आइसक्रीम खाणारी मुलं. कडा नाही, काही नाही. पण धक्क्याच्या सुरुवातीलाच माझे पाय थांबले. पाण्याचा आवाज आला की मी नकळत वर बघायची. मी म्हणाले, मी इथे बाकावर बसते.

"बस," त्या म्हणाल्या. आपली पर्स त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली आणि निघाल्या. किंचित लंगडत, मधूनच, दोन्ही कडांपासून सारखं अंतर ठेवून. माझं दुसरं, कोरडं जाकीट त्यांना मोठं होत होतं. माणसांमधून त्या मला दिसायच्या आणि पुन्हा दिसेनाशा व्हायच्या. प्रत्येक वेळी दिसेनाशा झाल्या की मी बाकावरून उठायची.

अगदी टोकापर्यंत त्या गेल्या नाहीत. अलीकडेच थांबल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत फिरल्या. आल्यावर माझ्या शेजारी बसल्या आणि पर्समधून गुडघ्याची गोळी काढली.

"पाणी आहे का गं बाटलीत?" त्यांनी विचारलं.